अलास्का क्रूझ, यजमानांचा हृदयाचा जुना त्रास आणि ट्रिप कॅन्सलेशन विमा : कोणती पॉलिसी घ्यावी?

एडिसनकर
१० जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. येत्या जुलैत सिएटलहून निघणाऱ्या सात रात्रींच्या अलास्का क्रूझचे आरक्षण आम्ही ३ जानेवारीला केले आणि त्यापोटी १,००० डॉलर अनामत भरली. दोघांचे मिळून क्रूझचे भाडे ६,४०० डॉलर आहे. उरलेली रक्कम १७ एप्रिलपर्यंत भरायची आहे. तोपर्यंत रद्द केल्यास अनामत परत मिळते, पण त्यानंतर टप्प्याटप्प्याने पैसे कापले जातात आणि शेवटच्या काही आठवड्यांत काहीच हाती लागत नाही. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत.

प्रश्न प्रकृतीचा आहे. यजमानांचे वय ६६ असून त्यांना चार वर्षांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराचे) निदान झाले. रक्त पातळ ठेवणारी गोळी ते न चुकता घेतात आणि एरवी त्यांची तब्येत चांगली आहे. रोज तासभर चालतात. मात्र २ डिसेंबरच्या तपासणीत नाडी थोडी वेगाने चालल्याचे आढळल्याने डॉक्टरांनी मेटोप्रोलॉलचा डोस २५ मिलिग्रॅमवरून ५० केला आणि २० जानेवारीला इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितला आहे. दुसरी काळजी माझ्या आईची. ती नाशिकला असते, वय ८४, आणि हार्ट फेल्युअरमुळे गेल्या ऑक्टोबरमध्ये चार दिवस रुग्णालयात होती. आता ती घरी आहे, भाऊ आणि वहिनी जवळ आहेत. पण तिचे काही कमी-जास्त झाले तर मला क्रूझ सोडून नाशिक गाठावे लागेल, हे उघड आहे.

क्रूझ कंपनीने आरक्षणाच्या वेळीच स्वतःचा विमा देऊ केला होता, तो आम्ही घेतला नाही. बाहेर पाहिले तर बहुतेक पॉलिसींत पूर्वीपासूनचे आजार वगळलेले आहेत, आणि काहींत ‘वेव्हर’ मिळेल असे लिहिले आहे. इकोचा निकाल हाती आल्यावरच विमा घ्यावा, म्हणजे काय ते स्पष्ट होईल, असे यजमानांचे मत आहे. ज्या क्रेडिट कार्डावर पैसे भरले त्यावरही काही संरक्षण आहे म्हणतात. या सगळ्यात नेमके काय पाहून निवड करावी? ज्यांनी खरोखर दावा केला आहे किंवा ज्यांना या व्यवसायाची माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


माणदेशी
१० जानेवारी २०२६

ताई, माझे सासू-सासरे गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे डॅलसला आले होते, तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी ‘अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन’ असलेली व्हिजिटर पॉलिसी घेतली होती. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, तरी ती सहज मिळाली आणि फार महागही नव्हती. अशा पॉलिसीत जुने आजार येतात असे आम्हाला सांगण्यात आले होते. तुमच्यासाठीही तसे काही मिळते का, ते पाहावे असे सुचवते.


दावातपासणीस
१० जानेवारी २०२६

मी अनेक वर्षे अमेरिकेतच प्रवास विम्याचे दावे तपासण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माणदेशी यांनी सांगितलेली पॉलिसी वेगळ्या कामाची आहे. ती परदेशातून अमेरिकेत पाहुणे म्हणून येणाऱ्यांसाठी असते आणि जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर तातडीच्या उपचाराचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. प्रवासाला निघण्यापूर्वीच तो रद्द करावा लागला, तर बुडालेले भाडे ती भरून देत नाही. एडिसनकर ताई इथल्या रहिवासी आहेत आणि त्यांचे ६,४०० डॉलर क्रूझमध्ये अडकणार आहेत. त्यांना हवी ती प्रवास रद्द होणे, प्रवास मध्येच सोडावा लागणे, वैद्यकीय खर्च आणि रुग्णाला हलवणे हे सगळे एकत्र असलेली ट्रिप पॉलिसी.

ही पॉलिसी विकत घेताना तुम्हाला प्रकृतीविषयी बहुधा एकही प्रश्न विचारला जात नाही. वय, राहण्याचे राज्य, प्रवासाच्या तारखा आणि खर्चाची रक्कम एवढे भरले की पाच मिनिटांत पॉलिसी ईमेलवर येते. त्यामुळे अनेकांची अशी समजूत होते की कंपनीने काही विचारले नाही, म्हणजे कंपनीला त्याच्याशी देणेघेणे नाही. प्रत्यक्षात सगळी विचारपूस दावा आल्यावर होते. दाव्यासोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा एक फॉर्म असतो. त्यात हा आजार प्रथम कधी आढळला, पॉलिसी घेण्यापूर्वीच्या अमुक दिवसांत रुग्ण कोणत्या तारखांना आला होता, कोणती तपासणी सुचवली होती, औषध किंवा त्याचे प्रमाण बदलले होते का, असे रकाने असतात. उत्तर संदिग्ध असेल तर डॉक्टरांच्या भेटींच्या नोंदी मागवल्या जातात आणि गरज पडल्यास औषधाच्या दुकानातील नोंदीही. २५ ची गोळी ५० ची झाली, ही गोष्ट तिथे एका ओळीत दिसते.

आता पूर्वीपासूनचा आजार म्हणजे काय, ते पाहू. या पॉलिसींमध्ये आजार किती वर्षे जुना आहे याला महत्त्व नसते. पॉलिसी ज्या दिवशी लागू होते त्या दिवसापासून मागे ठरावीक दिवस मोजले जातात, त्याला लुक-बॅक म्हणतात. काही पॉलिसींत तो ६० दिवसांचा असतो, काहींत ९० किंवा १२०, आणि बऱ्याच पॉलिसींत १८० दिवसांचा. त्या काळात नवे निदान झाले, लक्षणे दिसली, उपचार घेतले, तपासणी सुचवली गेली किंवा औषध बदलले, तर तो आजार वगळला जातो. उलट तोच आजार नियमित गोळीने आटोक्यात असेल आणि त्या काळात गोळीत बदल नसेल, तर चार वर्षे जुना असूनही तो बहुतेक पॉलिसींत वगळला जात नाही. इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. प्रमाण कमी केले तरी तो बदलच समजला जातो, मात्र ब्रँडच्या जागी तेच जेनेरिक औषध दिले तर बऱ्याच कंपन्या तो बदल धरत नाहीत.

तुमच्या तारखांना हे लावून पाहा. आज पॉलिसी घेतली तर ६० दिवसांचा लुक-बॅक ११ नोव्हेंबरपर्यंत मागे जातो. म्हणजे यजमानांचा २ डिसेंबरचा डोसबदल त्यात येतो आणि आईंचे ऑक्टोबरमधील रुग्णालय बाहेर राहते. १८० दिवसांचा असेल तर तो १४ जुलैपर्यंत जातो आणि दोन्ही गोष्टी त्यात येतात. तेव्हा वेव्हर नसलेली कोणतीही पॉलिसी आज घेतली, तर यजमानांच्या हृदयासंबंधीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता फार मोठी आहे.

वेव्हर म्हणजे ही वगळणूक कंपनी स्वतःहून सोडून देते. त्यासाठी वेगळे पैसे बहुधा पडत नाहीत, पण अटी असतात. पहिली अट वेळेची. प्रवासासाठी पहिली रक्कम भरल्यापासून १४, १५ किंवा २१ दिवसांच्या आत पॉलिसी घेतली पाहिजे. काही मोजक्या पॉलिसींत अखेरचा हप्ता भरेपर्यंत मुभा असते. तुमची अनामत परत मिळण्यासारखी असली, तरी अनेक पॉलिसींत दिवस तिच्यापासूनच मोजायला सुरुवात होते, हे विसरू नका. तुमच्या बाबतीत १४ दिवसांची मुदत १७ जानेवारीला संपते आणि २१ दिवसांची २४ तारखेला. अनामतीचा दिवस पहिला धरायचा की नाही यावर वाद नको म्हणून १६ तारखेच्या आतच व्यवहार पुरा करावा, असे मी म्हणेन. दुसरी अट अशी की प्रवासाचा परत न मिळणारा सगळा खर्च विम्यात दाखवलेला असावा. ही अट प्रत्येक पॉलिसीत नसते, पण असते तिथे कडकपणे लावली जाते. आणि तिसरी अट म्हणजे विकत घेण्याच्या दिवशी विमा घेणारे सर्वजण प्रवास करण्याइतपत तंदुरुस्त असावेत.

इकोसाठी थांबावे या यजमानांच्या मताशी मी अजिबात सहमत नाही. इको २० तारखेला आहे, तोवर १४ आणि १५ दिवसांच्या मुदतीच्या सगळ्या पॉलिसी हातून गेलेल्या असतील. निकाल वाईट आला आणि डॉक्टरांनी ‘सध्या प्रवास नको’ म्हटले, तर त्या दिवशी तंदुरुस्तीची अट पुरी होत नाही आणि वेव्हर कुठेच मिळत नाही. निकाल चांगला आला तरी थांबून काही मिळवले असे होत नाही. याउलट आज ते तंदुरुस्त असताना पॉलिसी घेतली आणि पुढे इकोत काही निघून जुलैचा प्रवास डॉक्टरांनी रद्द करायला लावला, तर नेमके त्याच प्रसंगासाठी वेव्हर आहे. मात्र एखादी शस्त्रक्रिया किंवा कार्डिओव्हर्जन (हृदयाचे ठोके पूर्ववत करण्याचा उपचार) आधीच ठरले असेल आणि त्यामुळे प्रवास होणार नाही हे आजच ठाऊक असेल, तर तो दावा चालत नाही. तुमच्या लिहिण्यावरून तसे काही दिसत नाही.

आणखी एक वाट सुचवली जाण्याची शक्यता आहे, म्हणून तिच्याविषयीही लिहितो. २ डिसेंबरला ६० दिवस जोडले की ३१ जानेवारी येते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ६० दिवसांच्या लुक-बॅकची पॉलिसी घेतली तर डोसबदल बाहेर पडेल, असा हिशेब काही जण मांडतात. तो हिशेब इथे चुकतो, कारण दरम्यान २० तारखेचा इको त्या ६० दिवसांत येऊन बसतो आणि बऱ्याच पॉलिसींच्या व्याख्येत तपासणीही मोजली जाते. शिवाय इको पाहून डॉक्टरांनी गोळी पुन्हा बदलली तर मोजणी पहिल्यापासून सुरू होईल.

व्यवहारात एवढे करावे. पॉलिसी घ्याल त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी यजमानांनी डॉक्टरांच्या पोर्टलवर संदेश पाठवून, सध्याच्या प्रकृतीत प्रवासाला हरकत नाही ना, हे लेखी विचारून ठेवावे. ते उत्तर तारखेसह त्यांच्या नोंदीत राहते आणि पुढे तंदुरुस्तीच्या अटीवर शंका निघाली तर तोच पुरावा होतो. दोघांनी एकाच पॉलिसीत राहावे. मग यजमानांना जाता आले नाही तर तुमचेही भाडे मिळते, आणि तुम्ही एकट्याने जायचे ठरवले तर केबिन एकटीने वापरण्याचा जो जादा आकार पडतो तो बऱ्याच पॉलिसी देतात. पॉलिसी आल्यावर ती पूर्ण वाचा. अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१८ च्या नमुना कायद्यानुसार, पॉलिसी टपालाने आल्यास किमान १५ दिवस आणि अन्य मार्गाने आल्यास किमान १० दिवस ती परत करून पूर्ण पैसे घेता येतात. मात्र तोवर प्रवास सुरू झालेला नसावा आणि दावा केलेला नसावा. ही मुदत पॉलिसीच्या पहिल्या पानांवर छापलेली असते. ती वाचनासाठी पूर्ण वापरावी.

क्रेडिट कार्डाचे संरक्षण हवामान किंवा अपघात अशा कारणांसाठी उपयोगी पडते. चांगल्या कार्डांवर ते माणशी १०,००० डॉलरपर्यंत असते. पण त्यातही पूर्वीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात आणि वेव्हरची सोय नसते. यजमानांच्या हृदयासाठी त्यावर विसंबू नये.


कोल्हापुरी_सिएटल
११ जानेवारी २०२६

वरील उत्तर उत्तम आहे. आईंच्या बाजूविषयी मी लिहिते, कारण माझे वडील कोल्हापुरात आजारी पडल्यामुळे आम्ही प्रवास रद्द केला होता आणि दावा मंजूर झाला होता.

सर्वप्रथम पॉलिसीतील ‘फॅमिली मेंबर’ची व्याख्या पाहावी. आई-वडील आणि सासू-सासरे त्यात जवळजवळ नेहमी असतात, पण ते परदेशात राहत असले तरी चालते का, हे वाचून किंवा कंपनीला ईमेलने विचारून घ्यावे. फोनवर मिळालेल्या उत्तरावर राहू नये. यानंतर वगळणुकीचे वाक्य पाहावे. काही पॉलिसींत पूर्वीपासूनच्या आजाराची अट फक्त विमाधारक आणि सहप्रवासी यांनाच लागू असते, तर काहींत ती प्रवासाला न येणाऱ्या नातेवाइकांनाही लागू असते. दुसऱ्या प्रकारात वेव्हर मिळाला तर नातेवाइकांसाठीही तो लागू होतो का, हे त्याच कलमाच्या शब्दांवरून कळते. तंदुरुस्तीची अट सहसा विमाधारकांपुरती असते, त्यामुळे आई घरी झोपून असल्या तरी तेवढ्यामुळे वेव्हर जात नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरी असलेल्या नातेवाइकांचे आजारपण केवढे गंभीर असावे, हे पॉलिसी ठरवते. बहुतेक ठिकाणी रुग्णालयात दाखल होणे, जिवाला धोका असणे किंवा मृत्यू, असे शब्द असतात. ‘आईला बरे वाटत नाही, मी जवळ असावे असे मला वाटते’ या कारणाला पैसे मिळत नाहीत, मग ते कितीही खरे असो. हे वाचून मला त्या वेळी वाईट वाटले होते, पण आधीच ठाऊक असलेले बरे.

कागदपत्रांसाठी भावाला आताच सांगून ठेवा. आमच्याकडून कंपनीने डिस्चार्ज समरी आणि डॉक्टरांच्या सहीचा स्वतःचा फॉर्म मागितला होता. फॉर्ममध्ये दाखल केल्याची तारीख आणि वेळ होती, कारण आम्ही आरक्षण रद्द केल्याची वेळ त्यांना तिच्याशी ताडून पाहायची होती. आपल्याकडे रुग्णालयातून घरी सोडताना कागद इंग्रजीत मिळतात, तो प्रश्न येत नाही. पण परदेशी कंपनीचा चार पानी फॉर्म भरून सही द्यायला मोठ्या डॉक्टरांना वेळ नसतो. माझ्या भावाने तिथल्या निवासी डॉक्टरांकडून फॉर्म भरून घेतला आणि मुख्य डॉक्टरांची सही व शिक्का राउंडच्या वेळी मिळवला. रुग्ण दाखल असतानाच हे काम उरकावे, घरी आल्यावर त्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात.

आणखी एक. प्रवास रद्द करण्याचे कारण घडल्यावर क्रूझ कंपनीला लगेच कळवावे. अनेक पॉलिसींत ७२ तासांची मर्यादा असते. आई बऱ्या होतील या आशेवर आठवडाभर थांबलात आणि तेवढ्यात कपातीचा पुढचा टप्पा लागला, तर वाढलेल्या कपातीचे पैसे विमा कंपनी देत नाही.


कोथरूडकर
११ जानेवारी २०२६

हा धागा भारतातून प्रवास करणारेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी एक सावधगिरीची सूचना. वर सांगितलेला वेव्हर हा अमेरिकेतील पॉलिसींचा भाग आहे. भारतात घेतलेल्या परदेश प्रवास विम्यात पहिली रक्कम भरल्यापासून अमुक दिवसांत पॉलिसी घेतली की जुने आजार आपोआप धरले जातात, अशी पद्धत रूढ नाही. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन किंवा केवळ जिवावर बेतलेल्या प्रसंगात मर्यादित रकमेपर्यंत जुन्या आजाराच्या उपचाराचा खर्च देतात, पण ते कलम वैद्यकीय खर्चाचे असते. प्रवास रद्द होण्याच्या कलमातील वगळणूक स्वतंत्रपणे वाचावी लागते. आईवडिलांना युरोपला नेताना शेंगेन व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढला म्हणजे रद्द झालेल्या सहलीचे पैसेही मिळतील, असे समजणारे बरेच जण भेटतात. तसे होत नाही.

भारतात अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी वगैरे विचारले जाते. तिथे सगळे खरे लिहावे. एजंट ‘काही नाही’ लिहा म्हणाला तरी सही आपली असते. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातही आहे आणि मुंबईतही.


एडिसनकर
१२ जानेवारी २०२६

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना हे सगळे वाचायला दिले आणि इकोपर्यंत थांबण्याचा विचार त्यांनी सोडला. काल त्यांनी डॉक्टरांना पोर्टलवर विचारले, तेव्हा ‘सध्या प्रवासाला हरकत नाही, इको ही नियमित तपासणी आहे’ असे उत्तर आज सकाळी आले. ते आम्ही छापून ठेवले आहे.

आता दोन पॉलिसी समोर आहेत. दोन्हींत वेव्हर आहे. एकीत लुक-बॅक ६० दिवसांचा आणि दुसरीत १८० दिवसांचा आहे, म्हणून दुसरी थोडी स्वस्त आहे. पहिलीत जादा पैसे भरून कोणत्याही कारणाने प्रवास रद्द करण्याची सोय घेता येते, तिने हप्ता जवळजवळ निम्म्याने वाढतो. आई रुग्णालयात गेली नाही पण हळूहळू खंगत गेली, तर मला ती सोय लागेल का? शिवाय विमानाच्या तिकिटांची रक्कम आताच धरावी की नंतर? आमच्याबरोबर आणखी एक मित्रदांपत्य स्वतंत्र आरक्षण करून येणार आहे. त्यांच्यापैकी कोणी आजारी पडले तर काय?


दावातपासणीस
१२ जानेवारी २०२६

डॉक्टरांचे उत्तर हाती आले, हे फार चांगले झाले.

वेव्हर लागू झाल्यावर लुक-बॅक ६० दिवसांचा आहे की १८० दिवसांचा, याने सहसा फरक पडत नाही, कारण वगळणूकच उठलेली असते. तरीही मी ६० दिवसांच्या पॉलिसीकडे झुकेन. वेव्हरची एखादी अट तांत्रिक कारणाने मोडली, समजा पुढे वाढवलेला खर्च विम्यात घालायचा राहून गेला, तर कंपनी मूळ व्याख्येवर येते. त्या वेळी ६० दिवसांच्या मोजणीत आईंचे ऑक्टोबरमधील आजारपण तरी बाहेर राहते. हप्त्यातला फरक थोडा असेल तर तो द्यावा.

कोणत्याही कारणाने रद्द करण्याच्या सोयीत भरलेल्या पैशांपैकी ५० किंवा ७५ टक्केच परत मिळतात, आणि निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करावे लागते. ती घेण्याची मुदतही पहिल्या रकमेपासूनच मोजतात, त्यामुळे नंतर विचार करू असे म्हणता येत नाही. केवळ यजमानांच्या हृदयासाठी ती घेणे मला अनावश्यक वाटते, तिथे वेव्हर पूर्ण रक्कम देतो. पण तुम्ही आईंविषयी जो प्रसंग लिहिला आहे, तो नेमका याच सोयीत बसतो. रुग्णालयात दाखल नाहीत, तातडीचा धोका कोणी लिहून देणार नाही, आणि तरी मुलीला जायचे आहे, अशा वेळी साधी पॉलिसी पैसे देत नाही. शिवाय १७ एप्रिलपर्यंत तुमची अनामत परत मिळते, म्हणजे खरी जोखीम त्यानंतरच्या तीन महिन्यांचीच आहे. ८४ व्या वर्षी, नुकतेच हार्ट फेल्युअर होऊन गेलेल्या आईसाठी तीन महिने थोडे नसतात. माझी आई असती तर मी ती सोय घेतली असती. भाऊ जवळ आहे आणि गंभीर प्रसंगाशिवाय तुम्ही जाणार नाही असे तुमचे मन सांगत असेल, तर ते पैसे वाचवा. हा निर्णय तुम्हीच घ्यावा, विमा कंपनीच्या विक्रेत्याला विचारून घेऊ नये.

मित्रदांपत्याचे आरक्षण वेगळे आहे, त्यामुळे काही पॉलिसींत ते तुमचे सहप्रवासी ठरत नाहीत, म्हणून सहप्रवाशाची व्याख्या वाचा. ते सहप्रवासी ठरत नसतील आणि त्यांच्या आजारपणामुळे तुम्ही प्रवास रद्द केलात, तर साधी पॉलिसी काही देणार नाही. त्यांनी आपली पॉलिसी स्वतः घ्यावी, आणि त्यांनाही काही जुने आजार असतील तर त्यांच्या पहिल्या रकमेची तारीख आजच पाहायला सांगा.

वैद्यकीय कलमाकडेही एकदा लक्ष द्या. यजमान ६६ वर्षांचे आहेत, म्हणजे मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असेल. मेडिकेअर अमेरिकेबाहेर सर्वसाधारणपणे चालत नाही. जहाजावर ते फार तर अमेरिकी बंदरात किंवा अशा बंदरापासून सहा तासांच्या आत असताना लागू होऊ शकते. सिएटलहून जाणारी जहाजे वाटेत कॅनडाच्या बंदरातही थांबतात. तुमच्या ट्रिप पॉलिसीत वैद्यकीय खर्च आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च असेलच, आणि वेव्हर तिथेही लागू होतो का ते पाहा. बऱ्याच पॉलिसींत होतो. जुनोच्या पुढे जहाजावर नाडी बिघडली आणि हवाई रुग्णवाहिका लागली, तर ती रक्कम क्रूझच्या भाड्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

विमानाच्या तिकिटांचे म्हणाल तर आज पॉलिसीत क्रूझचे पूर्ण ६,४०० डॉलर दाखवा. तिकिटे काढाल त्या दिवशी कंपनीला कळवून ती रक्कम वाढवून घ्या. नव्या रकमेसाठीही ठरावीक दिवसांची मुदत असते, बहुधा १४ ते २१ दिवसांची, आणि ती चुकली तर काही पॉलिसींत वेव्हरच अडचणीत येतो. निघायला सात दिवस किंवा त्याहून जास्त अवधी असताना तिकीट थेट विमान कंपनीकडून काढले, तर २४ तासांच्या आत ते फुकट रद्द करता येते, नाहीतर तेवढा वेळ त्याच भावाला राखून ठेवता येते. यांपैकी कोणती सोय द्यायची ते विमान कंपनी ठरवते. तेवढ्या वेळात विमा कंपनीला ईमेल करून वाढीव रकमेची नोंद झालेली सुधारित प्रत मागवा. प्रत आली की तिच्यावर एकूण रक्कम, दोघांची नावे, प्रवासाच्या तारखा आणि वेव्हरचा उल्लेख या गोष्टी तपासून मगच फाइलमध्ये लावा.


एडिसनकर
१४ जानेवारी २०२६

आज ६० दिवसांच्या लुक-बॅकची पॉलिसी घेतली आणि आईचा विचार करून कोणत्याही कारणाने रद्द करण्याची सोयही घेतली. आई-वडील भारतात राहत असले तरी ते कुटुंबीय समजले जातात, हे कंपनीने ईमेलवर लेखी कळवले आहे. भावाला तो फॉर्म पाठवला असून त्याने तो आईच्या औषधांच्या फाइलमध्ये ठेवला आहे. मित्रांनी अनामत भरून आज नववा दिवस आहे, तेही उद्या पॉलिसी घेत आहेत.